नाव घ्यायचं नाही

"नाव नाय सांगत मी," लंकाबाई म्हणाली, "पण झिपऱ्या लय चिडका हाय."

वर्ग हसला. निकिता मॅडमनी फळ्याकडे जाऊन तिथल्या एकुलत्या एका ओळीखाली पुन्हा रेघ ओढली.

*नाव घ्यायचं नाही.*

२००६चा उन्हाळा. नाशिकरोडचं एक सभागृह, खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. एचआयव्हीच्या पेशंटना मानसिक आधार कसा द्यायचा, ते इथं शिकवलं जात होतं. गोळ्या आता फुकट मिळू लागल्या होत्या. पण गोळी गिळायला आधी जगावंसं वाटावं लागतं. तेवढं काम या वर्गाचं. प्रत्येकानं एका पेशंटला भेटत राहायचं आणि वर्गात येऊन सांगायचं. परीक्षेत पास झालं, तर दवाखान्यात समुपदेशक.

नांदगावची लंकाबाई खाली बसली. सातपूरची मनीषा उठली.

"ते काल जेवले नाहीत. कामावर जाणं सोडलंय. गंगेवर, गोदाघाटावर जाऊन बसतात, पाण्याकडे बघत. मला भीती वाटते, मॅडम."

लंकाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "अहो-जाहो काय करती त्याला? कलेक्टर हाय का तो?"

या वेळी मॅडम हसल्या नाहीत. सकाळपासून सगळे 'तो पेशंट', 'त्याला', 'त्याचं' म्हणत होते, त्या म्हणाल्या. ही एकटी 'ते' म्हणते. ज्याचं सगळं गेलंय असं ज्याला वाटतं, त्याला आपण पहिल्यांदा काय देऊ शकतो? उद्यापासून सगळ्यांनी 'ते' म्हणायचं.

मनीषा मान खाली घालून बसली होती.

सुट्टीत मॅडमनी तिला बाजूला घेतलं. पाण्याकडे बघत बसणारा माणूस एकट्यानं सांभाळायचा नसतो, त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या. झेपत नसेल तर ही केस दुसऱ्याला देऊ. त्यात कमीपणा नाही.

डॉक्टरांकडे नेते, मनीषा म्हणाली. केस मात्र देणार नाही.

*शांततेला घाबरायचं नाही.*

हा धडा लंकाबाईला जमेना. समोरचा गप्प बसला की ती चहा विचारायची, मग पाऊसपाणी, मग लग्न कधी केलं. तिसऱ्या दिवशी मनीषा उठली.

"मी घाटावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काही विचारलं नाही. पाय दुखायला लागले तरी बसले."

"मग?"

"मग ते म्हणाले, ऊन लागेल तुला. घरी जा."

एवढंच. पण मॅडमनी तेवढ्यावर अर्धा तास बोलून दाखवलं. मरणाचा विचार करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं ऊन दिसलं होतं.

*घरचे.*

फळ्यावर त्या दिवशी एवढा एकच शब्द.

"त्यांची बायको कशी आहे?" मॅडमनी विचारलं.

"भांडी आपटते. तिचा राग आहे त्यांच्यावर. इतके दिवस लपवलं म्हणून." मनीषानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिचा स्वतःचा रिपोर्ट चांगला आला. त्याची पण तिला लाज वाटते."

"तिच्याशी कुणी बोललंय?"

"नाही."

"तू बोल. आधार देणाऱ्यालाही आधार लागतो. ती कोलमडली तर ते उभे राहणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी मनीषाचे डोळे सुजलेले होते. बोलले तिच्याशी, ती म्हणाली. पहिल्यांदाच रडली. आता बरी आहे.

मग बातम्या बदलत गेल्या. ते डॉक्टरांकडे गेले. ते गोळ्या वेळेवर घेतात. ते जेवले. ते भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. त्यावर लंकाबाईनंच टाळी वाजवली. "नावं ठेवायला लागलं का माणूस सुधारला समज!"

परीक्षा.

पुण्याहून सर आले होते. खट्याळ माणूस. गप्पा मारता मारता पेशंटचं नाव काढून घ्यायचे आणि मार्क कापायचे. दोघंतिघं तिथंच अडकले. लंकाबाईनं तोंडात पदर कोंबला म्हणून वाचली.

"तुमचे ते सातपूरचे," सर मनीषाला म्हणाले, "काय बरं नाव म्हणालात?"

"म्हणाले नाही."

"माझ्या कानात सांगा. मी कुठं बोलणार आहे?"

मनीषाचा चेहरा लाल झाला. परीक्षेचं दडपण, सरांना वाटलं.

"असं कुठंही नाव घेता येत नाही, सर."

सरांनी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं परीक्षा घेतो, ते निकिता मॅडमना म्हणाले, गुप्तता इतकी अंगात मुरलेली बाई मी पाहिली नाही.

मनीषा पहिली आली.

प्रमाणपत्रांच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मॅडमची एक इच्छा होती. एखाद्या पेशंटनं, स्वतःच्या मर्जीनं, चारचौघांत उभं राहून बोलावं. आजवर कुणी तयार झालं नव्हतं. मनीषा म्हणाली होती, ते येतील.

ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. पहिल्या रांगेत टोकाला बसले. मान ताठ होती. मॅडमनी पुन्हा विचारलं, अजूनही नाही म्हणू शकता. त्यांनी मान हलवली. बोलणार, नाव लपवणार नाही. फक्त ओळख मनीषानं करून द्यावी.

मॅडम माईक घेऊन मनीषाच्या खुर्चीपाशी आल्या. आपल्या वर्गातली ही मुलगी, आणि तिनं गंगेवरून उठवून आणलेला हा माणूस.

"आता घे की नाव," लंकाबाई कुजबुजली. "आता त्यांनीच कुलूप काढलंय."

मनीषा उठली. माईक हातात घेतला, दुसऱ्या हातानं डोक्यावर पदर सारखा केला, आणि पहिल्या रांगेकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"वर्गामध्ये जपलं गुपित, ओठ ठेवले मिटून,
भारतरावांचं नाव घेते भरल्या सभेत उठून."