हिलमनमधला वास

"वास अजून आहे," आण्णा म्हणाले आणि काठी टेकत गाडीतून उतरलेसुद्धा.

कालिंदी दार धरून उभी होती. सासऱ्यांच्या हुकमावरून सकाळपासून गाडी पुसून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

"निम्मा गेलाय, आण्णा."

"निम्मा चालायचा नाही. सिगारेटचा वास पुरता गेला, की मी त्याच्याशी बोलणार. आणि तुझा आवाज का असा? तुम्ही दोघं मुंबईला गेलात तेव्हापासून बसलेलाच आहे."

"तिथलं पाणी बाधलं," ती म्हणाली.

बापलेकांचा अबोला साऱ्या मंगळवार पेठेला ठाऊक होता. संस्थान विलीन झालं त्या साली आण्णा वकिलांनी ही हिलमन घेतली. चालवायचा एकुलता एक मुलगा नरहर, आणि चालवताना तोंडात सिगारेट. आण्णांना त्या वासाची शिसारी. एकदा कडाक्याचं वाजलं. "गाडीतला वास जाईल त्या दिवशी तुझ्याशी बोलेन," आण्णा म्हणाले. "मग राहू दे," नरहर म्हणाला. झालं! दोघं एकाच मुशीतले, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पुढं काचबिंदूनं आण्णांची दृष्टी गेली, तरी माघार कुणी घेईना. घरात नरहर त्यांच्या खोलीकडं फिरकायचा नाही. दर गुरुवारी मात्र गाडी कळंब्याच्या तळ्याकडं हवा खायला निघायचीच. मागं आण्णा आणि कालिंदी, पुढून धूर, आणि जाऊन येईतो एक शब्द नाही. आता ह्याला माया म्हणायची की हट्ट, तुम्हीच सांगा.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी कालिंदीला बजावलं होतं, "आण्णांचं काळीज आता धक्का सोसायचं नाही. सांभाळा." अबोला होता तोवर घर कसंबसं उभं होतं. बोलणं निघालं तर काय होईल, ह्या काळजीनं तिच्या डोळ्याला डोळा नव्हता.

घरचा गडी कृष्णात बादली भरून आला. गळ्यात तुळशीची माळ, विडीलाही न शिवणारा माणूस. तो गाडीत डोकं घालून म्हणाला, "वैनी, छताच्या कापडात मुरलाय वास. त्ये बी घासाय पायजे."

पुन्हा सुरुवात झाली. गाद्या काढून उन्हात टाकल्या. आंबट शिरक्याच्या पाण्यानं काचा पुसल्या, तर फडकं पिवळंजर्द. राखेची डबी चिंचेनं घासली. सीटखाली कोळशाच्या टोपल्या ठेवल्या, वर कडुलिंबाचा पाला अंथरला.

"कृष्णात, आण्णा बोलणार म्हणतात."

कृष्णातचा हात थांबला. "मग वो?"

"समोरून उत्तर गेलं नाही म्हणजे मिळवली."

"बापानं इचारायचं आन् गप ऱ्हायचं? लई अवघड हाय की त्ये, वैनी." त्याला खोकल्याची उबळ आली.

छत घासता घासता कालिंदीला रडू फुटलं. हात थांबेनात आणि डोळेही.

"ठेवा वैनी, मी करतो."

"नको. हे मलाच करू दे," ती म्हणाली.

गुरुवार उजाडला. कोनाड्यात काढून ठेवलेल्या बांगड्या हातात चढवून ती आण्णांना बोलवायला गेली. आण्णांनी धुतलेलं धोतर नेसून कोट घातला होता, जसे पूर्वी कोर्टात निघायचे तसे. मागच्या सीटवर बसून त्यांनी श्वास घेतला. शिरका होता, कडुलिंब होता. पुन्हा एकदा घेतला.

"गेला," ते म्हणाले. जिंकलेल्या माणसाचा चेहरा काही तो नव्हता.

गाडी निघाली. पुढं चाकावर नेहमीसारखी मुकी पाठ. पेठ मागं पडली, तशी कालिंदीनं आण्णांचा हात घट्ट धरला.

"आण्णा, आज नका बोलू. तुमच्या पाया पडते."

"नाही पोरी. न बोलण्यात फार दिवस घालवले मी. बापानं असं करू नये." "तूही एकटीनं पुष्कळ सोसलंस. आता पुरे."

तिनं डोळे मिटले. एक शब्द उलटा आला की सगळं संपलं.

आण्णा पुढं वाकले. चाचपडत त्यांनी पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीचा वेग आपोआप कमी झाला.

"कृष्णात," आण्णा म्हणाले, "माझ्यापायी पुष्कळ धूर गिळलास बाबा. आज तळं नको, नदीच्या घाटावर घे. माझ्या नरहरला पाणी द्यायचं राहिलंय."