मोठ्या मॅडम

पडदे शिवायचं दुकान तिचं एकटीचं, पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची वेळ आली की तिची दातखीळ बसायची. म्हणून तिने मनानेच एक 'मोठ्या मॅडम' नेमून टाकल्या. कुणी फोनवर भाव पाडायला लागलं की ती म्हणायची, "थांबा हं, मॅडमना विचारते." मग दोन घोट पाणी प्यायची आणि सांगायची, "नाही म्हणाल्या. आमच्या मॅडम फार कडक आहेत हो!" मॅडमचा असा दरारा बसला, की भलेभले मुकाट्याने हो म्हणू लागले.

फोनवर कायम घासाघीस करणाऱ्या एक काकू काल कापड घेऊन थेट दुकानात आल्या. तिथे एकच मशीन, एकच खुर्ची आणि पडद्यांच्या ढिगात बुडालेली ती. काकूंनी आतल्या दाराकडे बघत आवाज खाली आणला.

"अगं, राबराब राबतेस तू आणि तोरा मात्र त्यांचा! सोड ही नोकरी. स्वतःचं दुकान काढ, पहिली ऑर्डर माझी."

तिला एकदम भरून आलं.

 

"मॅडमना विचारून सांगते," ती म्हणाली.