मापाचं पाणी

पोटातली कॅन्सरची गाठ जाळायला उषाबाईला औरंगाबादला लाइटचा शेक दिला. गाठ गेली, पण पुढं वर्षभरानं कळलं, त्या शेकात दोन्ही किडन्याही भाजून निघाल्या होत्या. लघवी होईना, प्यालेलं पाणी छातीत भरू लागलं. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, रखमाजीला बजावलं, दिवसभरात मापाचंच पाणी द्यायचं, वर एक घोट नाही. त्या दिवसापासून त्यांच्या मस्तगडच्या घरात माठ आतल्या खोलीत गेला आणि दाराला कुलूप लागलं. उषाबाई पाणी मागायची, रखमाजी भिंतीकडं बघत बसायचा.

बदनापूरहून मेहुणी दुर्गाबाई भेटायला आली. बहिणीचे फुटलेले ओठ बघून ती कडाडली, "दाजी, घोटभर पाण्याला न्हाई म्हणून राह्यले तुम्ही? काळीज हाये का दगड?"

रखमाजीनं संध्याकाळची मापाची वाटी बायकोच्या ओठाला लावली आणि पुन्हा कुलूप घातलं.

उन्हाळा सरता सरता उषाबाई गेली. रखमाजी रडला नाही. लोक म्हणतील तिथं उभा राहत होता. तिरडी उचलायच्या आधी एकेकानं तिच्या तोंडात पाणी सोडलं. शेवटी दुर्गाबाई भरला तांब्या घेऊन आली. "पी गं माय, आता पोटभर पी," म्हणत तिनं तांब्या कलता केला, तसं रखमाजीनं तिचं मनगट धरलं.

"बस, दुर्गाबाई," तो हळूच म्हणाला. "जास्त झालं तं रातच्याला दम लागतो तिला."