मोटारीचा मान

"पुन्हा उकळली!" असं म्हणत बबनरावांनी मोटार मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या काठी बाभळीच्या सावलीत उभी केली. पुढच्या झाकणातून फुस्सकन वाफ आली.

मागच्या बाजूला नवी नवरी शालन अंग चोरून बसली होती. एका हाताला नवरा हिंदुराव, दुसऱ्या हाताला त्याची आत्या सोजराबाई. चाकणला दुपारी अक्षता पडल्या होत्या. वऱ्हाड मागून बैलगाड्यांनी येत होतं. नवरानवरीनं मात्र दिवेलागणीच्या आत चिंचवडचा उंबरा ओलांडायचा होता, म्हणून हिंदुरावाच्या मामांनी, बबनरावांनी, आपली जुनी मोटार काढली होती. लढाई संपल्यावर दिघीच्या छावणीतला गोरा साहेब ती विकून गेला होता.

"सकाळी जाताना कशी भुर्रकन गेली," सोजराबाई म्हणाल्या. "आता कुरुळीला उकळली, हितं उकळली. सकाळी गाडीत काय न्हवतं, तेवढं बघा म्हंजी कळंल."

उत्तर गाडीतच बसलं होतं.

पांढऱ्या पायाची, हा शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता. पण चिंचवडला आपल्याआधी तो पोचणार, हे शालनला कळून चुकलं. माहेरी शेजारच्या घरातली सून तिनं पाहिली होती. म्हैस आटली तरी त्या सुनेच्या पायामुळं, पोराला गोवर आला तरी तिच्याच पायामुळं. तो शब्द एकदा चिकटला की जन्मभर निघत नाही.

तिला रडू येणार होतं. पण त्याआधी एक प्रश्न आला. ती पदर सावरून खाली उतरली.

बबनराव ओलं पोतं हातात घेऊन नुसतेच उभे होते.

"मामा, तुमी पान्याचं टोपण का उघडत न्हाई?"

"आत्ता उघडलं तर उकळतं पानी तोंडावर यील, पोरी. अन् गार पानी एकदम ओतलं तर तापलेलं लोखंड तडकंल. तिला जरा दम खाऊ द्यायचा."

"पन रोज तापलेलं पानी निवतं कसं?"

बबनरावांना आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. गाडीत बसणारे फक्त कधी पोचणार तेवढं विचारत. ते खुलले.

"हे बघ. इंजनाभोवती पानी फिरतं. त्येची उष्णता उचलतं अन् हितं म्होरल्या जाळीत येतं. जाळीत निवतं अन् पुन्ना आत जातं. चहा बशीत वतून आपन फुकतो ना, तसंच."

"मग फुकतं कोन?"

"वारा! गाडी पळती तसा समोरनं शिरतो. अन् हळू चालली तर आतला पंखा वढून घेतो."

शालन मोटारीच्या पुढं येऊन उभी राहिली. जाळी तिला दिसलीच नाही. तिथं तिच्या वडिलांचा, मारुतरावांचा, जाड विणीचा लाल काठाचा शेला घट्ट बांधलेला होता आणि त्यावर झेंडूच्या माळांचे थर होते. मांडवात मानपान चालला असताना वरपक्षाकडचं कुणीतरी रुसलं होतं, म्हणे. साऱ्यांना टॉवेल-टोपी मिळाली, मोटारीचा मान राहिला! शालन तेव्हा आत होती. बाहेर हशा झाला आणि मारुतरावांनी खांद्यावरचा शेला काढून मोटारीच्या नाकाला बांधला, एवढंच तिनं ऐकलं होतं.

मोटार निवली. बबनरावांनी टोपणावर पोतं टाकून ते हलकेच फिरवलं, नदीचं पाणी बेताबेतानं ओतलं आणि इंजिन चालू केलं. शालननं झेंडूची एक पाकळी शेल्यासमोर धरून सोडली. पाकळी सरळ खाली पडली. मग तिनं माळा वर करून शेल्याचं एक टोक बाजूला केलं आणि दुसरी पाकळी सोडली. ती सुर्रकन आत गेली आणि जाळीला चिकटली.

"आत्याबाई," ती वळून म्हणाली, "सकाळी गाडीत मी न्हवते, खरं हाय. पन सकाळी गाडीला हा शेलाबी न्हवता."

बबनरावांनी कपाळावर हात मारला. "आयला! मी पानी बघितलं, पंख्याचा पट्टा बघितला. मानाच्या कापडाकडं बघितलंच न्हाई!"

ती गाठ सोडायला लागली तसा हिंदुराव खाली आला. "अगं, तुझ्या वडलांचा मान हाय तो. वाटंत सोडतेस?"

"म्हनून तर मीच सोडते. दुसऱ्या कुनी सोडला तर अपमान व्हईल."

त्यानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग दुसरी गाठ त्यानं सोडली.

भोसरीच्या चढाला सोजराबाई कान लावून बसल्या होत्या. फुस्स झालं नाही. नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला. शेल्याची घडी शालनच्या मांडीवर होती. सोजराबाई मधूनच तिच्याकडं बघत आणि नजर बाहेर वळवत.

चिंचवडला पोचायला अंधार पडला. दारात बायका भाकरतुकडा घेऊन ताटकळत होत्या.

"एवढा उशीर?" त्यातली एक पुढं आली. नवरीच्या पावलांकडं बघून तिनं आवाज खाली आणला. "काय वो सोजराबाई, पायगुन कसा हाय सुनंचा?"

शालन उंबऱ्याशी थबकली.

सोजराबाईंनी तिच्या हातातला शेला घेतला आणि स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर घातला.

"तिच्या पायाकडं काय बघता?" त्या म्हणाल्या. "चाकणला मोटारीच्या मानासाठी मीच रुसले हुते."