काचेवरचं कुंकू

आमच्या नारायणकाकांनी देव न्हाई असं सांगणारं पुस्तक लिवलं हुतं. त्याची एकच प्रत उरलेली, ती घिऊन ते खंडेनवमीला साताऱ्यासनं सांगलीला आमच्या घरी आले. नवी आवृत्ती काढायची, तवा पाचच्या एसटीआधी सगळं पुस्तक स्कॅन करून द्यायचं माझ्या गळ्यात पडलं. दुपारी जेवून परत बसलो, तर स्कॅन झालेल्या दर पानाच्या मधोमध लाल ठिपका. स्कॅनरचं झाकण उचललं. काचेवर कुंकू, त्याला तांदूळ चिकटलेले.

माझं डोस्कंच फिरलं. "आये, काचेवर कशाला लावलंस?"

"मग काय झाकणाला लावू? काम कोण करतंय, काच का झाकण?"

मी फडकं उचललं.

"हात लावू नगंस. उद्या दसऱ्याला पूजा उचलीन, मग पूस," म्हणून ती आत गेली.

मी हळूच काकांना इचारलं, "काका, तुमी तर कायच मानत न्हाई. पुसू का?"

काकांनी सैपाकघराकडं बघितलं, पिशवी परत खुंटीला अडकवली.

"ऱ्हाऊ दे रं. उद्याच्या गाडीनं जातो. देव न्हाई ते खरं हाय, पण वहिनी हायत न्हवं."