रुमालाखालचा भाव

रविवारी दुपारी गिरिधरने सगळ्यांना बाजारात बोलावलं. बाजार म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेममधला. ‘भीमाकाठ’ हा त्याचा सर्व्हर. भालकी, उदगीर, अफजलपूरकडची साठ-सत्तर माणसं त्यात रोज थोडा वेळ दुसरंच कोणीतरी होऊन जगायची. कोणी फौजदार, कोणी वैद्य, कोणी नुसताच उडाणटप्पू. कमलनगरची मंजुश्री एरवी हायस्कुलात गणित शिकवते. तिथे ती बैलबाजारातली दलाल होती.

तीही साधीसुधी नव्हे. ती हातावर रुमाल टाकून उभी राहिली की घेणारा आणि विकणारा दोघेही सरळ व्हायचे. आधी एकाचा हात रुमालाखाली, मग दुसऱ्याचा. बोटं दाबून भाव ठरायचा आणि भोवतालच्यांना हलतं कापड तेवढं दिसायचं. हे सगळं गिरिधरनेच हौसेने बनवलं होतं आणि आता तोच ते मोडायला निघाला होता.

“उद्यापासनं बटण टाकायलोय,” तो बंगळूरहून म्हणाला. मंजुश्रीचा हेडफोन बिघडला होता, त्यामुळे त्याचा आवाज घरभर घुमला. “घरी बसून विका, घरी बसून घ्या.”

“लई बेस!” अफजलपूरचा व्यंकट म्हणाला. “मला दिवसाला एक तास मिळतो, अक्का. त्यातला अर्धा बैलामागं चालण्यात जायलाय.”

त्याचं खोटं नव्हतं. मंजुश्रीने ते लगेच मान्य केलं.

“मग पेंड, मीठ, बी-बियाणं बटणावर घ्या. माझं काई म्हणणं न्हाई. जनावर तेवढं समोर राहू द्या. बटणावर लंगडा बैल आन् चांगला बैल सारखाच दिसतोय.”

“निम्मं हे, निम्मं ते, असं कामून?” गिरिधर वैतागला. “लोकांना सोय पायजे.”

“आन् तुमीच म्हणायचात की आपला बाजार खऱ्यावानी पायजे. त्याचं काय?”

गिरिधर हसला. ते हसणं मंजुश्रीला मुळीच आवडलं नाही.

“खऱ्यावानी? अक्का, खऱ्या बाजारात बाया रुमालाखाली हात घालतेत का?”

साठ माणसं ऐकत होती. दाराबाहेर बाजेवर पडलेल्या श्रीपतरावांच्या हातातला पंखा हलायचा थांबला. ते मंजुश्रीचे वडील, खरोखरीचे दलाल, तीस वर्षं बैलबाजारात मुरलेले. बाईमाणसाने रुमालाखाली हात घालायचा नाही, हा नियम त्यांच्याच तोंडून ऐकत ती वाढली होती.

तिचे कान तापले. पण आवाज चढला नाही.

“न्हाई घालत,” ती म्हणाली. “म्हणून तर हितं घालायलेय.”

मग मतदान झालं. बटणाच्या बाजूने चाळीस, तिच्या बाजूने अकरा. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे काठावर बसून घेतलं. गिरिधर लगेच मोठ्या मनाचा झाला.

“नाराज होऊ नका, अक्का. तुमाला डॉक्टर करतो. चांगला दवाखाना देतो.”

“मी काय मागितला का तुमाला दवाखाना?” मंजुश्री म्हणाली. “बटण तुमचं हाय, खुशाल टाका. मी बाजार सोडत न्हाई. ज्याला बैल बघून घ्यायचाय, त्यानं माझ्याकडं यावं.”

“कोणी येणार न्हाई.”

“त्ये मी बघते.”

एकेक जण निघून गेला. व्यंकट जाताना “येतो हं अक्का” असं काहीतरी पुटपुटला आणि तोही गेला. पडद्यावर मोकळं मैदान राहिलं. त्यात दावणीला एक पांढरा बैल, आणि शेजारी रुमाल घेऊन उभी असलेली तिची गेममधली बाई. मंजुश्रीला रडू येईल असं वाटलं. पण आलं नाही. नुसता राग आला आणि तो तिला बरा वाटला.

श्रीपतराव दारात येऊन उभे होते.

“ह्ये बोलणारं प्वार कोण?”

“गिरिधर. मालक हाय त्यो.”

“त्यानं जल्मात कधी बैलाचं दात बघितलंय का?”

“न्हाई, अप्पा.”

“मग त्यानं कामून सांगावं, रुमालाखाली कोणी हात घालायचा आन् कोणी न्हाई?” नियम त्यांचाच होता. पण परक्याच्या तोंडून तो ऐकताना त्यांना कसंसंच झालं असावं. तसं ते कबूल करणाऱ्यांतले नव्हते. स्टूल ओढून ते तिच्याशेजारी बसले आणि पांढऱ्या बैलाकडे डोळे बारीक करून पाहत राहिले.

“खांदा बरा हाय,” ते म्हणाले. “ह्यो कोणाचा?”

“एका उदगीरच्या माणसाचा. माझ्याकडं विकायला सोडलाय.”

श्रीपतरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि स्वतःच्या उजव्या हातावर टाकला. तो हात त्यांनी तिच्यासमोर धरला. मंजुश्री त्या हाताकडे बघतच राहिली.

“बघायलीस काय? गिऱ्हाईक आलंय. घाल हात.”

तिने हात आत घातला. खडबडीत बोटांनी तिची दोन बोटं धरली, दाबली, सोडली. भाव सांगून झाला. श्रीपतराव छताकडे बघू लागले, जसे ते बाजारात बघतात.

मंजुश्रीने हात काढला नाही.

“एवढ्या पैशात नुस्ता कासरा येतोय, अप्पा,” ती म्हणाली. “वर बोला.”