आण्णांचा डावा हात

“आण्णा, तुमचा उजवा हात सोनं हाय. पण डाव्याला कुणीतरी शाळंत घाला की!”

फोनवर एवढं ओरडायची काही गरज नव्हती. पण कोल्हापुरात अल्ताफ मुजावरच्या दुकानाखालून राजारामपुरीच्या रिक्षा दिवसभर जायच्या, आणि ओरडल्याशिवाय त्याला शिकवल्यासारखं वाटायचंही नाही. पलीकडे, गडहिंग्लजजवळच्या गावात बसलेले आण्णा चौगुले शांतपणे म्हणाले, “घालतो वस्ताद. जरा दमानं घ्या. डावा आत्ता कुठं शिकाय लागलाय.”

अल्ताफ टच गिटार बनवायचा आणि शिकवायचा. गिटारपेक्षा लांब, सडपातळ फळी आणि तिच्यावर दहा तारा. तार छेडायची नाही, दोन्ही हातांची बोटं नुसती टेकवायची, की सूर उमटतो. गाणं उजव्या हातानं म्हणायचं, साथ डाव्यानं करायची. वर्षाला असं एखादंच वाद्य त्याच्या हातून पुरं व्हायचं, आणि ते कुणाच्या घरी जाणार याबद्दल तो मुलीच्या बापाइतका चिकित्सक होता.

आण्णांनी टीव्हीवर त्याची मुलाखत पाहिली होती आणि नंबर शोधून पहिला फोन केला होता.

“ह्याला पेटीसारखा भाता मारावा लागतो का वो?”

“न्हाय.”

“आणि जोर?”

“बाळाच्या गालाला बोट लावतो तेवढा. पण आण्णा, आधीच सांगतो, हे दोन हातांचं वाद्य हाय. एका हातानं टिकटिक करणारे लई येतात. त्यांना मी देत न्हाय.”

 आण्णा म्हणाले, “हात दोन हायत की. त्याची काळजी नको.”

सरावाचं एक जुनं वाद्य एसटीच्या पार्सलनं गावाला गेलं, सोबत बोटं कुठं ठेवायची त्याचा कागद. दर शनिवारी दुपारी अल्ताफ फोन लावायचा. आण्णांच्या कारभारीण चिमणाबाई तो उचलायच्या, “हायत की, देते,” म्हणायच्या, आणि फोन वाद्याशेजारी ठेवला जायचा. फोन साधा, बटणांचा. दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं.

दोन हातांत एवढा फरक का, हे अल्ताफनं पहिल्याच महिन्यात ओळखलं. आण्णांनी चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवलेली. उजवा हात पट्ट्यांवर पळणारा, तर डावा जन्मभर भाता हलवणारा. त्या बिचाऱ्याला सुरांचं काय कळणार? या निदानावर अल्ताफ स्वतःवरच खूश होता, आणि त्यानं ते दुकानात येईल त्याला ऐकवलं होतं.

आण्णांची एक खोड होती. वाजवता वाजवता ते डाव्या हाताशी बोलायचे. “घाबरू नको. थांब जरा. हां, आता ये.” अल्ताफला हसू यायचं, मायाही वाटायची. वाद्याशी बोलणारे त्यानं पुष्कळ बघितले होते, हाताची समजूत काढणारा हा पहिलाच.

“आज डावा झोपलाय काय?” तो एकदा वैतागून म्हणाला.

“पाटंपासनं चार म्हशींची धार काढलीया त्यानं. बोलू नका त्याला.”

एका शनिवारी तर डावा हात आलाच नाही. गाणं एकटंच चाललेलं, साथीचा पत्ता नाही.

“रुसलाय,” आण्णा ओशाळून म्हणाले. “काल मीच तोडून बोललो. चूक माझी हाय.”

म्हातारा अवलिया आहे, असं म्हणून अल्ताफनं फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात डावा परतला होता, आणि पहिल्यापेक्षा जरा तोऱ्यातच वाजत होता.

आठ महिन्यांनी नवं शिसवी वाद्य तयार झालं. पुण्याचा एक स्टुडिओवाला ते लगेच न्यायला बसला होता. अल्ताफनं त्याला रविवारपर्यंत थोपवलं आणि आण्णांना फोन केला.

“राजारामपुरीला या. समोर बसून ऐकतो.”

“प्रवास सोसत न्हाय वो आमाला.”

“मग मीच येतो. दोन हात एका जिवाचे वाटले तर वाद्य तुमचं. न्हाईतर हे पुण्याला जाईल, आणि सरावाचंबी मी परत नेणार. दुसरा शिकणारा वाट बघतोय.”

 आण्णांनी विनवलं, “हे गेलं तर संध्याकाळ कशी काढायची, वस्ताद? आता कुठं घरात परत गाणं आलंय.”

रविवारी अल्ताफ नवं वाद्य पाठीला लावून एसटीत बसला. नियम म्हणजे नियम, असं त्यानं वाटेत स्वतःला चार वेळा बजावलं. गावात उतरून घर विचारत तो अंगणात पोचला आणि जागीच थांबला. आत वाजवणं सुरू होतं.

भजनाचीच चाल होती. एका जागी डावा अडखळला. उजवा पुढं पळाला नाही, तिथंच सूर धरून उभा राहिला. डावा सावरला, येऊन मिळाला, आणि मग दोघं असे निघाले की कोण कुणाला नेतंय ते कळेना. इतकी वर्षं हे वाद्य बनवून अल्ताफला स्वतःला असं कधी वाजवता आलं नव्हतं.  त्यानं तिथंच अंगणात उभं राहून पुण्याला फोन लावला आणि वाद्य गेलं म्हणून सांगितलं.

“आण्णा, जिंकलासा!” असं ओरडतच त्यानं दार ढकललं.

कॉटवर उशीला टेकून बसलेल्या आण्णांचा लुळा डावा हात चादरीवर निपचित पडला होता, आणि त्यांना खेटून बसलेल्या, डोक्यावरचा पदर घसरलेल्या चिमणाबाई मान खाली घालून साथीच्या तारांवर बोटं टेकवत होत्या.